डबल बेल

मनुष्याची पुष्कळशी विद्या त्याच्या डोक्यात नसून हातात वस्तीला असते, ही गोष्ट विज्ञानाने फार उशिरा मान्य केली. भाकरी थापणाऱ्या बाईला विचारावे की पीठ किती मळायचे, तर तिला ते शब्दांत सांगता येत नाही. ती पिठात बोट रुतवते आणि म्हणते, एवढे. ज्या काळातली ही हकिकत आहे त्या काळी ही हातातली विद्या एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर पोहोचविण्याचे यंत्र सिद्ध झाले होते. पुण्याच्या हस्तविद्या केंद्रात ते तयार झाले आणि त्याचे नाव तालपट्टी असे ठेवण्यात आले.

तालपट्टी दिसायला घड्याळाच्या पट्ट्यासारखीच होती. आपले बोट हलण्याच्या किंचित आधी कोपराखालच्या स्नायूंतून विजेची एक सूक्ष्म लहर जाते. माणूस ठाम असेल तर ती लहर एक प्रकारची असते, साशंक असेल तर दुसऱ्या प्रकारची. लिहिलेले खोडायला निघाला असेल तर तिसऱ्याच प्रकारची. निष्णात माणसाच्या मनगटावर ही पट्टी काही महिने बांधली की त्याच्या कामाचा सगळा ताल तिच्यात उतरत असे. मग शिकणाऱ्याने दुसरी पट्टी बांधून काम करायला बसावे. गुरू जिथे थांबला असता तिथे ती पट्टी कातडीला हळूच थरथर देई, जिथे त्याने वेग घेतला असता तिथे तीही वेग घेई. काही आठवड्यांत शिष्याचा हात गुरूच्या चालीने चालू लागे. त्याच्या डोक्याला ते कळलेलेही नसे.

निलोफर मुजावर ही या केंद्रातली अभियंती. मूळची मिरजेची. केंद्राने पहिला ताल कुणाचा घ्यावा असा प्रश्न निघाला तेव्हा तिने क्षणाचाही विलंब न करता एक नाव सांगितले होते, तासगावचे सतेज माळी.

सतेज माळी हे वेब डेव्हलपर, म्हणजे संगणकाच्या जाळ्यावरची पाने बांधणारे कारागीर. घरी बसून ते काम करीत. नाव कुठे छापून आलेले नाही, भाषणे नाहीत. मात्र त्यांनी 'पायरी' नावाची एक गोष्ट लिहून जगाला मोकळी करून दिली होती. अशक्त नेटवर्कवर एखादे पान उघडताना ते एकदम न आणता टप्प्याटप्प्याने आणायचे, आणि मधेच संपर्क तुटला तर जेवढे आले तेवढे तरी वापरता यावे, अशी ती व्यवस्था होती. तिचा सगळा कोड उघडा होता. कुणीही घ्यावा, वापरावा, चूक दिसली तर दुरुस्ती लिहून पाठवावी. दवाखान्यांची नावनोंदणी, शाळांचे निकाल, गाड्यांची वेळापत्रके, कितीतरी पाने या पायरीवरून चढून लोकांच्या फोनमध्ये येत होती. आलेली प्रत्येक दुरुस्ती सतेजसर स्वतः वाचत आणि पाठवणाऱ्याला उत्तर लिहीत.

निलोफर कॉलेजात असताना तिनेही एक दुरुस्ती पाठवली होती. मोठ्या हौसेने तिने अर्धी पायरीच नव्याने लिहून काढली होती. सरांचे उत्तर आले ते तिला अजून पाठ होते. "काम छान आहे. पण एवढा मोठा घास माझ्या घशाखाली उतरत नाही. याचे तुकडे कर. प्रत्येक तुकडा असा कर, की त्याच्यानंतर तू उठून गेलीस तरी घर उघडे पडणार नाही." निलोफरला राग आला होता. दोन दिवस तिने संगणक उघडला नाही. मग मुकाट्याने तुकडे केले, आणि ते करता करता तिला स्वतःच्या चुका अशा दिसू लागल्या जशा तांदळातले खडे ताट हलवल्यावर दिसतात. तेव्हापासून सर तिचे गुरू झाले. पाच वर्षे त्यांनी तिला शिकवले, टोमणे मारले, नोकरीसाठी शिफारस केली. पण दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. मुक्त स्रोताच्या, म्हणजे उघड्या कोडाच्या, जगात माणसे एकमेकांना कामावरून ओळखतात. कुणाच्या घरात काय आहे हे कुणी विचारत नाही.

सरांनी आपला तालही आपल्या कोडासारखाच मोकळा करून दिला. मोबदला घेतला नाही. फक्त एवढे कळवले की पट्टी कपाळाला बांधायची नसेल तर आपली काही हरकत नाही.

परिणाम पाहून केंद्रातली मंडळी थक्क झाली. ज्या शिकाऊ मुलामुलींच्या हाताला सरांचा ताल लागला त्यांचे काम हलके आणि नेटके होऊ लागले. ती लहान लहान पावले टाकू लागली, पुष्कळ खोडू लागली. परंतु त्या सगळ्यांना एक विचित्र सवयही जडली. काम ऐन रंगात आले असता त्यांचे हात अचानक थांबत. काही वेळ ती नुसती बसून राहत, कुणी उठून खिडकीशी जाई. परत आल्यावर कामाला लागण्यापूर्वी त्यांचे बोट टेबलावर दोनदा वाजे. टक टक. मग काम सुरू.

निलोफरच्या हातालाही ते लागले होते. एकदा उपाहारगृहात तिने पोह्यांना हात घालण्यापूर्वी टेबलावर दोनदा टकटक केली, तेव्हा शेजारच्या मैत्रिणीने विचारले, की आत कोण आहे आणि दार उघडणार आहे का.

केंद्राच्या प्रमुख डॉ. वसुंधरा करंदीकर या अत्यंत व्यासंगी बाई होत्या. त्यांनी या थांबण्याला चिंतनविराम असे नाव दिले आणि त्यावर एक विस्तृत निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की निष्णात कारागीर ठराविक अंतराने कामापासून मन अलिप्त करतो आणि दोन टकटकींनी ते पुन्हा जागे करतो. सरांचा ताल आता राज्यभरच्या संगणक शिक्षणात पाठ म्हणून लागावा असा प्रस्ताव समितीपुढे जायचा होता. त्यापूर्वी खुद्द सरांकडून या विरामाचे मर्म लिहून आणावे, म्हणून त्यांनी सरांना तसे कळवून निलोफरला तासगावला पाठवले. पट्टी ताल नोंदवीत असताना हात कळफलकापासून दूर गेला की नोंद थांबत असे. त्यामुळे विरामात सर नेमके काय करतात हे पट्टीला ठाऊक नव्हते.

तासगावात एस.टी. आगाराच्या मागच्या गल्लीत सरांचे घर होते. निलोफर पोहोचली तेव्हा दुपार कलली होती. दार उघडेच होते. आत एका टेबलाशी पाठमोरा, विरळ केसांचा, ढगळ सदऱ्यातला एक मनुष्य लिहीत बसला होता आणि त्याच्या बोटांची चाल पाहताच तिला ओळख विचारावी लागली नाही. ती चाल तिच्या स्वतःच्या मनगटात होती.

ती हाक मारणार एवढ्यात आतल्या खोलीतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. टण्. एकदाच.

सरांचे हात जागच्या जागी थांबले. ते उठले, दारात उभ्या निलोफरकडे पाहून हसले, तिला बस अशी खूण केली आणि आत गेले. निलोफर न बसता त्यांच्या मागे गेली.

आत लोखंडी खाटेवर एक वृद्ध गृहस्थ पडून होते. ते सरांचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत. उभा जन्म त्यांनी एस.टी.त कंडक्टरकी केली होती. निवृत्तीनंतर पक्षाघाताने त्यांची डावी बाजू गेली. उजव्या हातात त्यांनी तिकिटे टोचण्याचा जुना पंच धरला होता आणि तोच खाटेच्या दांडीवर आपटून ते बेल देत. सून सावळजच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे दिवसभर तात्यांचे सगळे सरांकडे असे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्यांना अधूनमधून कुशीवर वळवावे लागे.

सरांनी एक गुडघा खाटेवर टेकला, तात्यांच्या खांद्याखाली हात घातला आणि सवयीच्या सफाईने त्यांना वळवले. उशी सारली, पाण्याची वाटी ओठाला लावली. पाणी पिऊन झाल्यावर तात्यांनी नव्या पाहुणीकडे निरखून पाहिले.

"तिकीट काढलंस का पोरी?"

निलोफर गोंधळली. सरांनी सांगितले, की ही मिरजेची निलोफर, जिच्याबद्दल मी सांगत असतो.

"व्हय, ती मोठा घास घेणारी," तात्या म्हणाले. त्यांचा उच्चार जड होता, पण डोळे भारी खट्याळ होते. "बस. मिरजेच्या पॅसेंजरला आमच्या गाडीत उभं ऱ्हावं लागत न्हाई."

मग त्यांनी मुलाला विचारले, गाडी कुठवर आली. सरांनी सांगायला सुरुवात केली. आज पायरीत कोणता बदल करीत आहेत, पानाचा कोणता भाग आधी येणार, कोणता मागाहून. कोडाचा एक शब्दही न वापरता, जणू एखाद्या रस्त्याचे वर्णन करावे तसे ते सांगत होते. तात्या डोळे मिटून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी विचारले, की मधल्या थांब्यावर जो उभा असेल त्याचे काय. सर बोलता बोलता थांबले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि ते हसू लागले. मधल्या थांब्यावरचा मनुष्य म्हणजे ज्याचे नेटवर्क अर्ध्या वाटेत तुटते तो, हे निलोफरला कळायला थोडा वेळ लागला.

तात्यांनी पंच उचलला आणि दांडीवर दोनदा वाजवला. टण् टण्. सर बाहेर गेले, खुर्चीत बसले आणि पोहोचल्याची पावती म्हणून त्यांनी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केली. आतून तात्या समाधानाने म्हणाले, "जाऊ दे."

जुन्या गाड्यांत छताला दोरी असे आणि कंडक्टर ती ओढून चालकाला खूण करीत असे. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आता विजेवर चालणाऱ्या गाड्यांतून ती दोरी नाहीशी झाली होती. पण केंद्रातली हुशार शिकाऊ मुले आपल्या नकळत टेबलावर जी वाजवीत होती ती तात्यांची डबल बेल होती. हे ध्यानात आल्यावर निलोफर भिंतीला टेकून एवढी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने चिंतनविरामाची कथा सांगितली तेव्हा सर ओशाळले. आपण त्या वेळी चिंतन वगैरे काही करीत नव्हतो, हे मॅडमना कसे कळवावे याचीच त्यांना काळजी पडली.

पुण्याला परतल्यावर निलोफरने जे पाहिले ते जसेच्या तसे सांगितले. करंदीकर मॅडमनी ते सगळे टिपून घेतले. मग त्यांनी आपला निबंध स्वतःच बाजूला सारला, कारण त्या सत्याला भिणाऱ्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, की मग हे विराम त्या विद्येचा भाग नाहीत, तो घरातला व्यत्यय आहे. तो गाळून शुद्ध ताल घेतला पाहिजे. आणि ज्या मनुष्याने एवढे दान केले त्याला या कष्टातून आपण सोडवले पाहिजे. रोग्याला हवेच्या उशांनी आपोआप वळवणारी खाट बाजारात आली होती. केंद्राने ती भेट द्यावी, म्हणजे सरांचीही सोय होईल आणि अखंड कामाचा नवा तालही मिळेल.

निलोफरला हा विचार मनापासून पटला. सरांची पाठ वळवताना कशी वाकते ते तिने पाहिले होते. खाट तिनेच निवडली, तिनेच तासगावला नेऊन बसवली. सरांनी पुष्कळ आढेवेढे घेतले, पण तिने ऐकले नाही. गुरूसाठी काही करण्याची संधी आपल्याला पहिल्यांदाच मिळत आहे, असे तिने सांगितल्यावर सरांनी खाटेसाठी जागा करून दिली. खाट आवाज न करता तात्यांना एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवू लागली. दांडी प्लॅस्टिकची होती. तिच्यावर पंच वाजत नव्हता.

पहिले काही दिवस सगळे सुरळीत वाटले. सरांचा नवा ताल पट्टीतून येऊ लागला. त्यात विराम नव्हते, टकटक नव्हती. निलोफरने तो स्वतःच्या हाताला लावून पाहिला. हात धावू लागला, आणि धावतच राहिला. दिवस संपल्यावर तिने जे लिहिले होते ते वाचायला घेतले तेव्हा तिला ते आपलेही वाटेना आणि सरांचेही. त्यात कुठे श्वास घ्यायला जागा नव्हती. तिला वाटले, नवी सवय आहे, अंगवळणी पडेल.

मग सरांची उत्तरे बदलली. आधी ते दोन ओळी लिहीत आणि त्या दोन ओळींत माणूस हसतो आहे असे वाटे. आता पानभर सूचना येऊ लागल्या. नव्या मुलांनी पाठवलेल्या दुरुस्त्या सुधारायला परत पाठवण्याऐवजी सर त्या स्वतःच पुन्हा लिहून टाकू लागले. एका मुलीने निलोफरला कळवले, की सरांनी माझे काम घेतले, पण माझे म्हणून काही त्यात उरले नाही.

आणि एके सकाळी पायरी कोसळली. सरांनी एक मोठा बदल सबंध एका बैठकीत लिहून लावला होता. चांगल्या नेटवर्कवर तो उत्तम चालला. परंतु जिथे संपर्क अर्ध्यावर तुटतो अशा ठिकाणी पाने उघडेनाशी झाली. डोंगरातल्या कित्येक दवाखान्यांबाहेर नावनोंदणीसाठी लोक ताटकळले. कोहिमाच्या एका सहकाऱ्याने तो बदल तातडीने मागे घेतला म्हणून फार नुकसान झाले नाही. सरांनी सगळ्यांची जाहीर माफी मागितली आणि लिहिले, की आपली नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. नवीन तालाचे काम संपले की पायरी दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवावी असा आपला विचार आहे.

मधल्या थांब्यावर जो उभा असेल त्याचे काय, हे या वेळी त्यांना कुणी विचारले नव्हते.

निलोफरने ती माफी वाचली. तिने सरांच्या घरी फोन लावला तो सूनबाईंनी, म्हणजे अर्चनाताईंनी उचलला. त्यांनी तक्रार केली नाही. उलट खाटेबद्दल आभारच मानले. पाठीवर एकही जखम नाही म्हणाल्या. मग त्यांनी सांगितले, की तात्या हल्ली बोलत नाहीत. पूर्वी दिवसभर सरांशी काही ना काही चाले, त्यात जिभेला आणि उजव्या हाताला आपोआप व्यायाम होई. आता शब्द फुटताना त्रास होतो. काल एवढेच म्हणाले, की मला मधेच उतरवून गाडी पुढे गेली.

समितीची बैठक चार दिवसांवर आली होती आणि विराम गाळलेला ताल तिच्यापुढे ठेवायचा होता. एकदा तो पाठ म्हणून लागला की हजारो मुलांचे हात तसे धावणार होते. निलोफर मॅडमची परवानगी न घेता तासगावला गेली. आयुष्यात तिने पहिल्यांदाच वरिष्ठांना न विचारता काही केले असेल.

सर टेबलाशी बसले होते, पण लिहीत नव्हते. निलोफरने त्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि खाट आणली ही आपली चूक झाली असे सांगितले. सरांनी ते मान्य केले नाही. त्यांची पाठ खरेच दुखायची, तात्यांच्या पाठीलाही खरेच आराम होता. चूक खाटेची नाही, असे म्हणून ते पुष्कळ वेळ मनगटावरच्या पट्टीशी चाळा करीत राहिले.

"बेल कधी वाजेल ते मला माहीत नसायचं," सर शेवटी म्हणाले. "म्हणून मी काम नेहमी अशा जागी ठेवायचो, की हातातलं टाकून उठता आलं पाहिजे. अर्धवट काही उघडं टाकायचं नाही. मला वाटायचं ही माझी शिस्त आहे. ती माझी नव्हतीच गं. ती त्यांची बेल होती."

तुकडा असा कर, की त्याच्यानंतर तू उठून गेलीस तरी घर उघडे पडणार नाही. निलोफरला ते जुने उत्तर आठवले. ज्या वाक्यावर तिने आपले सगळे शिक्षण उभे केले होते ते वाक्य वडिलांना कुशीवर वळवून आल्यावर लिहिलेले होते.

ती उठून आतल्या खोलीत गेली. तात्या तिच्याकडे पाहत होते, पण त्यांनी तिकीट विचारले नाही. तिने पिशवीतून हत्यारे काढली आणि खाटेखाली शिरली. उशांना हवा भरणारी यंत्रणा तिने काढून टाकली नाही. तिने फक्त तिची वेळ लावणारा भाग तोडला आणि त्याजागी खटका बसवला. आता खाट आपण होऊन वळणार नव्हती. कुणीतरी येऊन, तात्यांच्या खांद्याला हात लावून, खटका दाबला म्हणजेच उशा फुगणार होत्या. वजन यंत्राने उचलायचे, यायचे मात्र माणसाने. मग तिने परसातून जुन्या खाटेची एक लोखंडी दांडी शोधून आणली आणि तात्यांच्या उजव्या हाताच्या बाजूला खाटेला पक्की बांधली.

पंच उशाखालीच होता. तिने तो त्यांच्या मुठीत ठेवला. मूठ नीट मिटत नव्हती. तात्यांनी हात उचलला, तो दांडीपर्यंत पोहोचण्याआधीच खाली पडला. निलोफरने मदतीला हात पुढे केला, तसा त्यांनी मान हलवून नकार दिला. बाहेरून सरांच्या खुर्चीचा एवढासाही आवाज येत नव्हता. दुसऱ्यांदा हात उचलला गेला.

टण्.

सर एवढ्या घाईने आत आले की उंबऱ्याची त्यांना ठेच लागली. त्यांनी खांद्याखाली हात घातला, खटका दाबला, तात्या कुशीवर वळले. पाणी पाजून झाले. तात्यांचे ओठ बराच वेळ नुसते हलत राहिले, मग त्यांतून शब्द आले.

"गाडी... कुठवर आली?"

सरांनी मांडी घालून खाटेशी बैठक मारली. गाडी घाटात बंद पडली होती, असे त्यांनी सांगितले, आणि का बंद पडली तेही पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्या दिवशी मागे घेतलेल्या बदलाची दुरुस्ती संध्याकाळी चहाच्या आधी पुरी झाली, आणि निलोफरने पाहिले, ती अवघ्या काही ओळींची होती.

पुण्यात करंदीकर मॅडम रागावल्या होत्या. पण त्यांनी दोन्ही ताल शेजारी शेजारी ठेवून पाहिले, निलोफरचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले आणि एकच शंका काढली. ती शंका खरी होती. विराम ठेवले, तरी शिकणाऱ्या मुलांच्या घरी तात्या कुठे आहेत? त्यांचे हात थांबतील, पण कशासाठी थांबले हे त्यांना कळणार नाही. रिकाम्या विरामाचा उपयोग काय?

निलोफरने याचा विचार गाडीत बसल्या बसल्या केला होता. तिने एक कागद पुढे केला. पाठाच्या आरंभी शिकणाऱ्यासाठी एक सूचना घालावी, असे तिचे म्हणणे होते. सूचना एवढीच होती: हा पाठ सुरू करण्यापूर्वी, तुम्हाला कामातून केव्हाही उठवू शकेल असा एक मनुष्य नेमा. त्याने हाक मारली की उठा. तुम्ही काय करीत होता हे त्याला समजेल अशा भाषेत सांगा. मग परत या.

मॅडमनी ती सूचना पुन्हा एकदा वाचली. हे विज्ञान आहे की काय आहे, असे त्या पुटपुटल्या. टेबलावर त्यांचा फोन पालथा ठेवलेला होता, कारण बैठकीच्या वेळी त्यांच्या आईचे फोन फार येत. त्यांनी तो सुलटा केला.

"समितीला मी सांगते," त्या म्हणाल्या. "प्रयोग करून बघू. माझ्यापासून सुरुवात करा. मी आईला नेमते."

समितीने प्रथम एका वर्षासाठी तो पाठ मान्य केला. मुलांनी नाना प्रकारची माणसे नेमली. कुणी आजोबा नेमले, कुणी धाकटी बहीण, वसतिगृहातल्या एका मुलाने तिथला पहारेकरी नेमला आणि त्या पहारेकऱ्याला पायरी म्हणजे काय हे इतके चांगले समजले की तो इतरांना समजावू लागला. पहिल्या पाहणीत आकडे बरे आले. सगळेच सिद्ध झाले असे नाही. काही मुलांना हा व्यत्यय जाच वाटला आणि त्यांनी पाठ सोडला. विज्ञानात एवढे तेवढे चालायचेच.

सरांनी पायरी सोडली नाही. दरवर्षी हिवाळ्यात पायरीवर काम करणारी सगळी मंडळी पडद्यावर एकत्र जमत. या खेपेला तात्यांची खाट बाहेरच्या खोलीत आणून पडद्यासमोर ठेवली होती. अर्चनाताईंनी त्यांना धुतलेली खाकी टोपी घातली. पडद्यावर चौकटीच चौकटी उघडल्या. कोहिमा, अकोला, नैरोबी, कुठकुठची तोंडे. सरांनी नमस्कार करून सगळ्यांना सांगितले, की आता सुरुवात करू. तोच, कुणीही न सांगता, केवळ सरांच्या मोकळ्या तालातून हाताला लागलेल्या सवयीने, एकेका चौकटीतून आवाज येऊ लागला. टक टक. टक टक. मागेपुढे, कमीजास्त, सबंध पडदा भरून.

तात्या कान देऊन ऐकत राहिले.

"गाडी भरलीया," तात्या म्हणाले.

मग त्यांनी पंच उचलून दांडीवर मारला, पण एकदाच. टण्. सगळ्या चौकटी गप्प झाल्या. कुणाला काय करावे ते कळेना. सरांनी मागे वळून पाहिले. दारात निलोफर उभी होती. मिरजेहून निघालेली बस उशिरा पोहोचली होती आणि ती धापा टाकीत चपला काढीत होती.

"थांबा जरा," तात्या पडद्याला म्हणाले. "मिरजेची एक राहिलीया."

निलोफर आत आली आणि त्यांच्या उशाशी बसली. तात्यांनी ती नीट बसली की नाही ते पाहून घेतले, आणि डबल बेल दिली.